ग्रामीण औषधालयातील औषधमिश्रण : नवे निकष आणि वापरमुदतीचा प्रश्न

डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार विशिष्ट रुग्णासाठी मलम, द्रावण अथवा पुड्या औषधालयातच तयार करून देणे म्हणजे औषधमिश्रण होय. पोटात घ्यावयाची वा त्वचेवर लावावयाची औषधे अनिर्जंतुक मिश्रणात मोडतात. इंजेक्शन व डोळ्यांतील थेंब त्यात येत नाहीत. तयार औषधांच्या प्रसारामुळे हे काम मागे पडले असले, तरी बालकाच्या मात्रेसाठी गोळी कुटून पुड्या बांधण्याची वेळ आजही येते. प्रस्तुत लेखात अशा मिश्रणाच्या वापरमुदतीचा विचार केला आहे.

१९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ नुसार मिश्रण नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावे लागते. मिश्रणाची सोय नसलेल्या दुकानाला ‘फार्मसी’ असा फलक लावता येत नाही. अनुसूची ‘एन’ मध्ये जागा, तराजू, खल, संदर्भग्रंथ यांची यादी आहे. मात्र तयार केलेले मिश्रण किती दिवस वापरावे, याचे कोष्टक त्या यादीत नाही.

अमेरिकी औषधसंहितेचे सुधारित प्रकरण ७९५ हे १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाले. ते आपल्याकडे बंधनकारक नाही. तथापि त्यातील वापरमुदतीची कल्पना उपयुक्त आहे. ही मुदत मिश्रण केल्याच्या दिवसापासून मोजतात. मूळ डब्यावरील मुदत येथे पुरेशी ठरत नाही. स्थिरतेची स्वतंत्र माहिती नसल्यास परिरक्षक नसलेल्या पाणीयुक्त मिश्रणास शीतकपाटात १४ दिवस आणि परिरक्षकयुक्त मिश्रणास ३५ दिवस ही कमाल मर्यादा आहे. पाणी आले की जंतूंची वाढ आली, हे त्यामागील साधे कारण.

येथे एक अडचण आहे. त्या ३५ दिवसांसाठी गृहीत धरलेले खोलीचे तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस आहे. वैजापूर वा सिल्लोड तालुक्यातील पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज गेली की शीतकपाटाचाही भरवसा राहत नाही. तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, पाणीयुक्त मिश्रण थोडेच करावे आणि उपचाराच्या दिवसांपुरतेच द्यावे.

घटकद्रव्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात त्याच विषाने युक्त खोकल्याच्या औषधामुळे बालकांचे प्राण गेले. या दोन्ही घटना दुकानातील मिश्रणाच्या नव्हेत. परंतु ग्लिसरीन मिश्रणातही वापरले जाते. म्हणून ते भारतीय औषधसंहितेच्या दर्जाचे आणि परवानाधारक पुरवठादाराकडूनच घ्यावे, सुटे कधीही घेऊ नये. त्याचा बॅच क्रमांक मिश्रणाच्या नोंदवहीत लिहावा आणि नोंदीचा क्रमांक बाटलीच्या लेबलवर टाकावा. म्हणजे तक्रार आल्यास त्या बॅचचे औषध कोणकोणत्या घरी गेले, हे त्याच दिवशी शोधता येते.