सांडपाण्याची वाट

खेडेगावात नळ येतो तो दिवस सणासारखा साजरा होतो. तोटीला हार पडतो, नारळ फुटतो आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा एकदाचा खाली उतरतो. परंतु घरात आलेले पाणी घरात राहत नाही. आंघोळ, धुणी, भांडी आटोपून ते मोरीवाटे बाहेर पडते. पूर्वी खेपा घालून आणलेले पाणी मुळातच थोडे असे. परसातल्या अळूच्या आणि केळीच्या मुळाशी ते जिरून जाई. आता ते परसात मावत नाही.

2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई, दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. दोन हजार वस्तीच्या गावात त्याप्रमाणे रोज 1 लक्ष 10 हजार लिटर पाणी येणार. त्याचे पाचातले चार हिस्से सांडपाणी होतात असे धरले, तर रोज 88 हजार लिटर पाण्याला वाट हवी. ती न दिल्यास पाणी रस्त्यात साचते, तेथे डास होतात आणि शेवटी ते ओढ्याला किंवा विहिरीला मिळते.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर सूक्ष्म जंतू जगतात. त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तो संपला की पाणी कुजते व दुर्गंधी सुटते. तेव्हा शुद्धीकरण म्हणजे मुख्यतः या जंतूंना प्राणवायू पुरविणे होय. शहरे हे काम विजेच्या यंत्रांनी करतात. खेड्याला विजेचे बिल आणि यंत्राची दुरुस्ती परवडेलच असे नाही. पण ऊन मात्र मुबलक असते.

उथळ तळ्यात सांडपाणी साठविले की उन्हात शेवाळ वाढते. ते दिवसा प्राणवायू सोडते; त्यावर जंतू काम करतात आणि जंतूंनी सोडलेला कर्बवायू पुन्हा शेवाळाच्या उपयोगी पडतो. वरील गावाचे पाणी दहा दिवस ठेवायचे, तर सव्वा मीटर खोलीच्या तळ्याला सुमारे सात गुंठे जागा लागेल. पुढच्या आणखी उथळ तळ्यांत ऊन आणि काळ यांच्या योगाने रोगजंतू कमी होतात. नागपूरच्या ज्या संस्थेला आज ‘नीरी’ म्हणतात, ती 1958 साली स्थापन झाली. भारतीय हवामानातील अशा तळ्यांचा तिने विशेष अभ्यास केला.

जेथे जमीन मुरमाड आहे, तेथे घरोघरचा शोषखड्डा अधिक सोयीचा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने याच मार्गाने उघडी गटारे आणि डास हटविले. काळ्या चिकण जमिनीत मात्र पाणी जिरत नाही, आणि खड्डा विहिरीजवळ असल्यास पिण्याचे पाणीच बिघडते. म्हणून आधी जमीन पाहावी, मग उपाय निवडावा.

तळे असो वा खड्डा, तो बांधून काम संपत नाही. तळाचा गाळ काही वर्षांनी काढावा लागतो. काठाचे गवत पाण्यात लोंबू लागले की त्याच्या आडोशाला डासांची पैदास होते. बांधकामास एकदा अनुदान मिळते; निगेचा खर्च मात्र दर वर्षी उभा राहतो. तोटीला हार घालणाऱ्या गावाने तळ्याच्या काठचे गवत कापणाऱ्याची मजुरीही अंदाजपत्रकात धरली पाहिजे.