कारण सरले, नियम उरला

श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकून ठेवण्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. घरातले मांजर पानात तोंड घाली, म्हणून सासूबाई त्याला त्या दिवसापुरते टोपलीखाली झाकीत. पुढे सासूबाई गेल्या, मांजरही गेले. परंतु सुनेने श्राद्धाच्या दिवशी शेजारचे मांजर मागून आणले आणि ते टोपलीखाली झाकले. या सुनेला आपण हसतो. पण विमानासारख्या अत्यंत आधुनिक वाहनातही असे मांजर अनेकदा झाकले जाते, आणि ते झाकणारी माणसे चांगली शिकलेली व कर्तव्यदक्ष असतात. असे का होते आणि त्याने काय बिघडते, याचा आज आपण विचार करावयाचा आहे.

विमानातील सेवकवर्ग प्रवाशांना ज्या सूचना देतो, त्या दोन जातींच्या असतात. पहिली जात अपघातापासून रक्षण करणाऱ्या सूचनांची. पट्टा बांधा, खुर्चीची पाठ सरळ करा, उतरताना खिडकीची झडप उघडी ठेवा, या त्या सूचना होत. झडप उघडी असेल तर बाहेर आग लागली आहे की नाही हे आतून दिसते आणि डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले राहतात. अग्नी, वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचा स्वभाव बदलत नाही, म्हणून हे नियमही फारसे बदलत नाहीत. दुसरी जात घातपातापासून रक्षण करणाऱ्या नियमांची. येथे सामना माणसाच्या कपटबुद्धीशी असतो. ती सारखी वाटा बदलते. तेव्हा हे नियम लवकर जन्मावेत आणि लवकर संपावेत, हेच स्वाभाविक होय. प्रत्यक्षात ते लवकर जन्मतात, पण संपत मात्र नाहीत. प्रवाशाला तर दोन्ही जातींच्या सूचना एकाच तोंडून आणि एकाच स्वरात ऐकू येतात. कोणती सूचना कोणत्या जातीची, हे त्याला कळावयास मार्ग नसतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत अपहरण केलेली विमाने इमारतींवर आदळविण्यात आली. वॉशिंग्टन शहरालगतचा रेगन विमानतळ त्यानंतर बंद होता. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा उघडला, तेव्हा एक नियम आला : या विमानतळावरून निघाल्यावर पहिला अर्धा तास आणि तेथे उतरण्यापूर्वीचा अर्धा तास कोणाही प्रवाशाने जागेवरून उठता कामा नये. हा विमानतळ राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून आणि पेंटॅगॉनपासून अगदी जवळ आहे. कोणी कॉकपिटकडे धावले तर त्याला अडवावयास वेळच मिळणार नाही, ही भीती त्या नियमामागे होती. त्या वेळी कॉकपिटचे दार कच्चे होते, आणि म्हणून ती भीती रास्तच होती. पण एप्रिल २००३ पर्यंत अमेरिकेतील प्रवासी विमानांना गोळी व धक्के सोसणारी भक्कम दारे बसविण्यात आली. नियमाचे मुख्य कारण तेथेच सरले. नियम मात्र जुलै २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे कारणाच्या मागे तो दोन वर्षांहून अधिक काळ जगला. एवढा काळ वृद्ध माणसे, मधुमेही आणि लहान मुलांच्या आया शौचालयाची निकड दाबून बसत होत्या आणि सेवकवर्ग त्यांना बसवीत होता.

दुसरे उदाहरण २५ डिसेंबर २००९ चे. अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला चाललेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात लपविलेले स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला. तो फसला. हे कृत्य प्रवासाच्या अखेरीस झाले होते, म्हणून लगोलग आज्ञा निघाली की अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांत शेवटचा एक तास कोणी उठू नये आणि मांडीवर पांघरूण वा सामान ठेवू नये. जणू पुढचा घातकी मनुष्य पहिल्या तासात काही करणारच नव्हता ! काही दिवसांतच ही सक्ती सैल झाली आणि ती केव्हा लागू करावयाची हे कप्तानाच्या इच्छेवर सोपविण्यात आले. आता नियम धड जिवंत नव्हता आणि धड मेलाही नव्हता. प्रवाशाला एका विमानात उठता येई, दुसऱ्यात येत नसे, आणि दोन्ही ठिकाणी सांगितले जाई की हे सुरक्षेसाठीच आहे.

आपल्या देशातील उदाहरण याहून बोलके आहे. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने उडत्या विमानातून किंवा सरकारी विमानतळावर लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई केली होती. त्या काळी आकाशातून घेतलेले चित्र ही लष्करी महत्त्वाची वस्तू होती. आज उपग्रहांनी टिपलेली गावोगावची चित्रे शाळकरी पोराच्या हातातील फोनवर दिसतात. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने डिसेंबर २००४ मध्ये परिपत्रक काढून प्रवाशांना विमानात छायाचित्रे घेण्यास मोकळीक दिली. असे असूनही पुढे कित्येक वर्षे ‘फोटो काढू नका’ असे दरडावले जाण्याचा अनुभव प्रवाशांना येत राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगडहून मुंबईला आलेल्या एका विमानात वृत्तप्रतिनिधींनी एका अभिनेत्रीभोवती गर्दी केली. तेव्हा याच महासंचालनालयाने तेराव्या नियमाचा हवाला देऊन बजावले की, पुन्हा असे घडल्यास त्या मार्गावरील ते उड्डाण दोन आठवडे बंद ठेवले जाईल. दुसऱ्याच दिवशी त्याला खुलासा करावा लागला की, २००४ च्या परिपत्रकानुसार प्रवाशांना चित्रे घेता येतात. मात्र गोंधळ माजविणारी, विमानाच्या कामात अडथळा आणणारी किंवा सेवकवर्गाने स्पष्टपणे मना केलेली साधने वापरता येणार नाहीत. खुद्द नियम करणाऱ्यांच्या दप्तरी जर सोळा वर्षांपूर्वीची मोकळीक एक दिवस विस्मरणात जाते, तर पहाटे चार वाजता कामावर रुजू झालेल्या विमान-परिचारिकेला आपण किती दोष द्यावा ?

तेव्हा दोषाचे मूळ व्यक्तीत न शोधता व्यवस्थेत शोधले पाहिजे. नियम येतो तेव्हा तो मोठ्या गाजावाजाने येतो. एखादी भयंकर घटना घडलेली असते. वृत्तपत्रे भरलेली असतात. कंपनी नवी पुस्तिका काढते, प्रशिक्षणात तो घोकून घेतला जातो, ध्वनिक्षेपकावरच्या निवेदनात तो जाऊन बसतो. नियम जातो तेव्हा असे काहीच होत नाही. एक परिपत्रक निघते. ते दहा कार्यालयांतून खाली झिरपत येते. आणि तोपर्यंत निवेदन पाठ झालेले असते. शिवाय अमेरिकेसारख्या देशांत सुरक्षाविषयक आज्ञा गोपनीय असतात. प्रवाशाला त्या वाचता येत नाहीत, म्हणून ‘ही आज्ञा अजून चालू आहे काय ?’ हे त्याला पडताळताही येत नाही.

यात भीतीचाही वाटा आहे. मेलेला नियम सक्तीने पाळायला लावला म्हणून एखाद्या सेवकाची नोकरी गेल्याचे सहसा ऐकू येत नाही. पण सूट दिली आणि नेमके त्याच दिवशी काही विपरीत घडले, तर चौकशी त्याची होते. अशा स्थितीत शहाणा माणूस कडकपणाच पत्करतो. सेवकवर्गाची बाजू आणखी एका दृष्टीने समजून घेतली पाहिजे. कॉकपिटचे भक्कम दार वैमानिकांचे रक्षण करते. सेवक मात्र दाराच्या अलीकडे, प्रवाशांमध्येच असतात. म्हणूनच २०१३ मध्ये लहान चाकू विमानात नेऊ देण्याचा विचार अमेरिकेत निघाला, तेव्हा सेवकांच्या संघटनांनी त्याला कसून विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ज्याच्या अंगावर संकट येणार, त्याची भीती आपण हसण्यावारी नेऊ नये.

यावरून ‘जुना नियम तो निरर्थक नियम’ असे सूत्र मात्र कोणी काढू नये. विमानात धूम्रपानाला बंदी आहे, तरी शौचालयाच्या दाराशी रक्षापात्र असते. हे पाहून कोणालाही हसू येईल. पण १९७३ मध्ये पॅरिसजवळ ब्राझीलच्या एका विमानात मागच्या शौचालयातून आग भडकली आणि १२३ माणसे मेली. त्यानंतर रक्षापात्र सक्तीचे झाले. बंदी मोडणारा कोणीतरी निघणारच, आणि त्याने जळते थोटूक कागदांच्या टोपलीत टाकू नये, हा त्यामागील विचार आजही खरा आहे. त्याचप्रमाणे पुण्याचे लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे आहे. तेथे उतरताना छायाचित्रांना केलेली मनाई त्या जागेपुरती सकारण आहे. तात्पर्य, नियमाचे वय मोजून भागत नाही. त्याचे कारण हयात आहे की नाही, हे पाहावे लागते.

यात एवढे बिघडले तरी काय, असा प्रश्न कोणी करील. अर्धा तास बसलो तर बसलो, एक चित्र नाही काढले तर नाही काढले. याचे उत्तर २ जानेवारी २०२४ च्या घटनेत आहे. तोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपानचे प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले व पेटले. लहान विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. पण मोठ्या विमानातील ३७९ च्या ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. सेवकांनी सांगितले की सामान घेऊ नका, आणि लोकांनी ते ऐकले. कोणी कारण विचारीत थांबले नाही. सेवकवर्गाच्या शब्दाला असे वजन असणे ही साऱ्या प्रवाशांची सामाईक पुंजी आहे. मेलेल्या नियमासाठी वापरलेला प्रत्येक दरडावणीचा शब्द या पुंजीतून खर्च होतो. दहा वेळा निष्कारण दटावलेला मनुष्य अकराव्या वेळी, खरोखर धूर दिसू लागल्यावरही, क्षणभर घुटमळेल; आणि तेथे तो क्षणच मोलाचा असतो.

कायद्याने कप्तानाला दिलेला अधिकार मोठा आहे, आणि तो असावयासच हवा. १९६३ च्या टोकियो कराराने विमानाच्या व माणसांच्या सुरक्षिततेसाठी, तसेच शिस्तीसाठी, वाजवी उपाय योजण्याची मुभा त्याला दिली. आपल्याकडे १९७५ च्या अधिनियमाने हा करार लागू झाला. २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांसाठी प्रवासबंदीचे नियम आले. मात्र करारातला ‘वाजवी’ हा शब्द विसरता कामा नये. वाजवी म्हणजे ज्याचे कारण सांगता येते ते.

म्हणून नियम करणाऱ्यांनी सुरक्षेच्या प्रत्येक तातडीच्या आज्ञेवर तिच्या समाप्तीची तारीख घालावी, आणि ती वाढवावयाची असल्यास कारण नव्याने तपासावे. नियम रद्द झाला की तो घालताना जेवढा गाजावाजा झाला तेवढाच करून सेवकांना कळवावे, आणि त्याप्रमाणे वागणाऱ्या सेवकामागे कंपनीने उभे राहावे. सेवकांनी आज्ञेबरोबर एका वाक्यात कारण सांगण्याची सवय ठेवावी. कारण सांगता आले नाही, तर उतरल्यावर वरिष्ठांना विचारावे. आणि प्रवाशांनी ? आकाशात वाद घालू नये. तेथे आज्ञा पाळावी. पण जमिनीवर पाय लागताच, उड्डाणाचा क्रमांक व वेळ नोंदवून, हा नियम कोणता आणि तो आज चालू आहे काय, असे कंपनीला व महासंचालनालयाला लेखी विचारावे. अशी शंभर पत्रे गेली, तर एखाद्या पुस्तिकेतले एखादे पान बदलेल.