खाली नसलेला ठेका: चरणजित सिंग यांची तबकडी आणि 'सापडणं' म्हणजे काय

मागच्या व्याख्यानात आपण ओळखणं आणि जाणणं यांतला फरक पाहिला. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, की फारसं कुणाला माहीत नसलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत शोधायचं कसं? प्रश्न विषयाबाहेरचा आहे असं तेव्हा आम्हाला वाटलं. घरी गेल्यावर लक्षात आलं, की तो अगदी विषयातलाच होता. म्हणून आज एकच तबकडी घेऊन बसू.

1982 साली एचएमव्हीने मुंबईच्या चरणजित सिंग यांची एक तबकडी काढली. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे वादक. या वादकमंडळींची नावं तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच येत. गाणं ऐकणाऱ्या लाखो लोकांना संगीतकार माहीत, गायिका माहीत, पण ॲकॉर्डियन कोणी धरला हे माहीत नसे. 'रूप तेरा मस्ताना'मधला ॲकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? असो.

सिंग यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेका धरणारं यंत्र आणि टीबी-303. हे तिसरं यंत्र जरा समजून घेऊ. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. खऱ्या बेस गिटारसारखं ते वाजायचं नाही, त्यामुळे खपलं नाही, आणि 1984 मध्ये कंपनीने ते बंद केलं. पण त्यात एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाता यायचं. मींड म्हणवणार नाही, पण मींडेची दूरची चुलतबहीण म्हणा हवं तर.

तबकडी चालली नाही. लोक विसरले असंही म्हणता येत नाही, कारण विसरायला आधी आठवणीत असावं लागतं.

पुढे 1987 मध्ये शिकागोत 'फ्युचर' नावाच्या गटाने 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली. यंत्र तेच, टीबी-303, तोवर जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलेलं. तिच्यातून ॲसिड हाउस नावाचा प्रकार उभा राहिला आणि युरोपभर पसरला. मग 2002 च्या सुमारास एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात सिंग यांची तबकडी मिळाली. त्याने मुंबईत सिंग यांना गाठलं आणि 2010 मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती पुन्हा काढली. जगभर एकच बोलबाला झाला: ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला होता!

इथे आपण थांबायला हवं.

दहाव्या शतकात काश्मीरमध्ये उत्पलदेव नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे पुन्हा ओळखण्याचा, सिद्धान्त त्यांनी मांडला. त्यांचा एक दृष्टान्त आहे. एक स्त्री एका पुरुषाच्या गुणांची वर्णनं ऐकून त्याच्यावर अनुरक्त झाली आहे. तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो, पण हाच तो हे तिला कळत नाही, आणि चारचौघांसारखा एक माणूस म्हणून ती त्याच्याकडे पाहते. कुणी त्याचे गुण दाखवून दिले, की मग ओळख पटते. पाहणं तेच, माणूस तोच.

सिंग यांच्या तबकडीचं तेच झालं. ती समोर होती, पण 'गुण' सांगणारं काही तोवर घडलंच नव्हतं. शिकागोने जगाचा कान तयार केला आणि मग मुंबईची तबकडी ऐकू आली. बोर्हेसने काफ्कावरच्या निबंधात हेच म्हटलं आहे, की प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो.

पण या ओळखीत एक गोची आहे, आणि आम्हाला ती सतावते. ज्या गुणांवरून ओळख पटली, तेवढेच गुण मग दिसत राहतात. 'ॲसिड हाउसच्या आधीचं ॲसिड हाउस' असं म्हटलं, की सिंग यांनी काय केलं हे बाजूलाच राहतं. शिकागोच्या मंडळींनी यंत्र चालू ठेवून त्याच्या खुंट्या पिळल्या. तिथे नाद बदलतो, सुरावट जवळजवळ स्थिर. अकरा मिनिटांहून जास्त वेळ नादाचाच पोत उलगडतो. सिंग यांच्याकडे उलटं आहे. नाद बऱ्यापैकी स्थिर, फिरतो तो स्वर. खालचा बेस रागाच्या स्वरांतून धावतो, जणू तानपुऱ्याला पाय फुटलेत, आणि वर ज्युपिटरवर राग मांडला जातो. म्हणजे यंत्र समान, पण प्रश्न वेगळा. सिंग यांचा प्रश्न साधा होता: सिनेमात सगळीकडे डिस्को चाललाय, तर त्यावर राग वाजवून पाहू.

शुद्धतावादी इथे हरकत घेतील, आणि ती अगदीच चुकीची नाही. आलाप जवळजवळ नाहीच. आणखी एक अडचण फारशी कुणी बोलत नाही: डिस्कोच्या ठेक्याला खाली नसते. चारही मात्रांवर तोच धक्का, तेवढाच. आपल्या तालात सम येण्याआधी जो भार हलका होतो, तो इथे होतच नाही. मग समेवर येण्याचा आनंद कुठून यायचा? आमचं मत असं, की तो रागाकडूनच येतो. ठेका वाट दाखवत नाही म्हणून न्यासाचा स्वर जास्त महत्त्वाचा होतो. 'मालकंस' ऐकताना हे विशेष जाणवतं. रिषभ-पंचम नसलेला राग, त्यामुळे मध्यमावर विसावलं की धक्क्यांच्या गर्दीतही घर सापडल्यासारखं वाटतं. 'ललित' मात्र आम्हाला तितकासा पटला नाही. दोन मध्यमांना जो निवांतपणा लागतो तो या गतीत मिळत नाही.

आता त्या तरुण मित्राचा प्रश्न. संगणक 'यासारखं आणखी' म्हणून जे सुचवतो ते साम्यावर चालतं. म्हणजे आधीच ओळखीचं तेच पुन्हा. त्याऐवजी एक धागा धरावा: यंत्राचा, लेबलचा, वादकाचा. 'सिंथेसायझर भारतात कधी आला' एवढा प्रश्न धरला तरी आपण अहमदाबादला पोचतो. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, ज्या पखवाज शिकल्या होत्या आणि 1946 मध्ये जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवत होत्या, शिवाय अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी तिथे 1972 पर्यंत प्रयोग केले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या बाहेर काढल्या आणि 2023 मध्ये निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. सिंग यांच्याशी त्यांचा संबंध? आम्हाला तरी दिसत नाही. उगाच वंशावळ लावू नये. ही दोन वेगळी माणसं, दोन वेगळी कामं, एवढंच.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. आता 'यमन' लावू या. एकदा फक्त खालचा बेस ऐका, मग पहिल्यापासून पुन्हा लावू आणि फक्त वरचा राग ऐकू. प्रश्न त्यानंतर.