तू कुणाचा? मसीहा आणि त्याची वंशावळ

श्रोतेहो, परगावी जाऊन पारावर जरा टेकलात, की एखादा म्हातारा विचारतोच, "कुणाचा रे बाबा तू?" नुसते नाव सांगून त्याचे समाधान होत नाही. बापाचे नाव, आजाचे नाव, गाव एवढे सांगितले म्हणजे मग तो पानाची चंची पुढे करतो. हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी यहुदी लोकांच्या देशात फार गंभीरपणे विचारला जात होता. 'मसीहा येणार' अशी त्यांची आशा होती. आणि मसीहा म्हणून जो पुढे येईल त्याला आधी विचारायचे, तू कुणाच्या घराण्यातला?

मसीहा हा मूळचा हिब्रू शब्द. त्याचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे ज्याच्या मस्तकावर तेल ओतून अभिषेक झाला आहे असा. 'ख्रिस्त' हे त्याच शब्दाच्या ग्रीक भाषांतराचे रूप. पुष्कळांना ते येशूचे आडनाव वाटते. पण ते नाव नव्हे, ती पदवी आहे.

आता घराण्याचा प्रश्न कोठून आला ते पाहू. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास दावीद नावाचा राजा होऊन गेला. तो बेथलेहेमच्या इशायाचा धाकटा मुलगा, मेंढरे राखणारा पोर. तुझे घराणे आणि तुझे सिंहासन कायम टिकेल, असे वचन नाथान संदेष्ट्याने त्याला देवाच्या वतीने दिले, अशी कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. पुढे इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि दाविदाचे राज्य बुडाले. मग त्या वचनाचे काय झाले? यशयाच्या ग्रंथात एक दृष्टांत आहे, तो शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. झाड तोडले तरी बुंधा जिवंत असेल, तर त्याला धुमारा फुटतो. तसाच इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. या आशेतूनच 'दाविदाचा पुत्र' ही मसीहाची ओळख ठरली.

तरी सगळ्यांचे मत एकच होते असे मात्र नाही. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतल्या काहींत दोन अभिषिक्तांची अपेक्षा दिसते. एक अहरोनाच्या याजक वंशातला आणि दुसरा इस्राएलाचा.

येशूच्या अनुयायांना या प्रश्नाचे उत्तर देणे भागच होते. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच वंशावळीने होते. नावांची ती लांबलचक यादी वाचताना आपल्याला कंटाळा येतो. पण त्या काळच्या यहुदी वाचकाच्या दृष्टीने मुख्य पुरावा तोच होता. मत्तय अब्राहामापासून निघतो आणि १४-१४ पिढ्यांचे तीन टप्पे पाडतो. हिब्रूत अक्षरांना अंकांचे मोल असते. दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीज ४ अधिक ६ अधिक ४, म्हणजे १४ येते. ही मांडणी त्यामुळेच केली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

लूक मात्र उलटा चालतो. तो येशूपासून निघून मागे मागे जात थेट आदामापर्यंत पोचतो. सगळ्या मानवजातीशी नाते जोडण्याचा त्याचा हेतू त्यात दिसतो. पण अडचण अशी, की दोन्ही याद्या जुळत नाहीत. मत्तय दाविदाच्या शलमोन या मुलाकडून येतो, तर लूक नाथान या दुसऱ्या मुलाकडून. योसेफाच्या बापाचे नाव एकात याकोब आहे, दुसऱ्यात एली. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानस याने याचा उलगडा केला तो असा: निपुत्रिक भावाच्या विधवेशी दुसऱ्या भावाने लग्न करायची यहुदी चाल होती, म्हणून एक जन्मदाता बाप आणि दुसरा कायद्याचा. लुकाची यादी मरियेच्या माहेरची आहे, असेही कित्येक मानतात.

याहून मोठा वाद पुढेच आहे. दोन्ही याद्या योसेफावरून जातात. आणि येशू कुमारीच्या पोटी जन्मला, योसेफ त्याचा जन्मदाता नव्हे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. यहुदी पंडित विचारतात, वंश बापाकडून चालतो, मग दाविदाचे रक्त आले कोठून? ख्रिस्ती उत्तर असे, की योसेफाने मुलाला नाव दिले, आपला म्हटले. तेवढ्याने तो कायद्याने त्या घराण्याचा झाला. आपल्याकडच्या दत्तकविधानासारखेच हे. पण यहुदी धर्मशास्त्रात दत्तकाने वंश बदलत नाही. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आपापल्या पायावर उभा आहे, हे समजून घेतले म्हणजे पुष्कळ झाले.

मग घराणे पुरेसे आहे का? यहुदी परंपरा 'नाही' म्हणते. मायमोनिडीस (११३८ ते १२०४) या थोर पंडिताने लिहिले, की मसीहा दाविदाच्या घराण्यातला राजा असेलच; पण त्याने धर्म पाळावा व पाळायला लावावा, मंदिर पुन्हा बांधावे, विखुरलेल्यांना एकत्र आणावे. ते झाले तरच तो मसीहा. इ. स. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केले. रब्बी अकिवासारखा विद्वान त्याला मसीहा मानत होता. पण तो मारला गेला आणि ती आशा संपली.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल मलिद्याच्या विधीत एलियाहू हनबीचे स्मरण करतात. मसीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा तो हाच, अशी यहुदी श्रद्धा आहे. म्हणजे ही वाट पाहणे आपल्या शेजारच्या घरातही चालत आले आहे.

शिक्षक मित्रांनो, शेवटी एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. मत्तयाच्या यादीत पुरुषांबरोबर तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रियाही येतात. त्यांत रूथ मवाबी, परकी. मवाब्यांना मंडळीत घेऊ नये असा जुना नियम होता; तो पुरुषांपुरताच आहे, असा निवाडा पुढे रब्बींनी दिला. हीच परकी रूथ दावीद राजाची पणजी. ज्या घराण्याच्या नावावर एवढी आशा उभी राहिली, त्याच्या मुळाशीच एक परदेशची सून आहे, आणि तिचे नाव त्या लोकांनी लपवले नाही. उद्या कुणी आपल्याला "तू कुणाचा?" असे विचारले, तर उत्तर देताना घरातल्या अशा सुनांची आठवण ठेवावी.