‘उबविणे’ या क्रियापदाचा कर्ता : सापांच्या अंड्यांसंबंधी एक टिपण

‘कोंबडी अंडी उबविते’ हे वाक्य व्याकरण व प्राणिशास्त्र या दोहोंच्या दृष्टीने निर्दोष आहे. ‘धामण अंडी उबविते’ हे वाक्य तितकेच शुद्ध असले, तरी वस्तुस्थितीस धरून नाही. ‘उबविणे’ हे प्रयोजक क्रियापद कर्त्याची अपेक्षा करते. अंडी घालणाऱ्या बहुतेक सापांच्या बाबतीत असा कर्ताच नसतो. ऊब मिळते ती मातीची वा कुजणाऱ्या पाल्याची. नागीण अंड्यांजवळ राहते, परंतु ती राखण होय, उबविणे नव्हे. खरा अपवाद अजगराचा. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या आकुंचनाने उष्णता निर्माण करते. वेटोळ्यातील ही उष्णता व्हॅलेन्सिएन्स यांनी १८४१ मध्ये पॅरिस येथे मोजून दाखविली होती.

संग्रहालयात वा प्रयोगशाळेत मात्र कर्त्याची रिकामी जागा मनुष्य घेतो आणि शब्दाबरोबर कोंबडीची रीतही उचलतो. कोंबडी अंडी वारंवार फिरविते. सापाच्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतील पटलाशी संलग्न होतो. त्यानंतर अंडे उलटल्यास तो दगावण्याचा संभव असतो. म्हणून अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करून ते त्याच स्थितीत ठेवावे. एकमेकांस चिकटलेली अंडी ओढून विलग करू नयेत.

दुसरा भेद कवचाचा. ते चिवट, चर्मपत्रासारखे असून भोवतालचे पाणी शोषते. यास्तव अंडी ओलसर, परंतु पाणी न साचणाऱ्या शेवाळात किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धवट पुरून, हवेस वाट ठेवून, अनेक जातींसाठी सामान्यतः २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. अंड्यांस खळगे पडू लागल्यास ओलावा अपुरा आहे, असे बहुधा समजावे. पुष्कळ जातींत सुमारे दोन महिन्यांनी पिल्लू अंडदंताने कवच चिरते. चिरेतून डोके काढून ते एक-दोन दिवस आतच राहते. या अवधीत उरलेला बलक शरीरात शोषला जातो. दयेपोटी कवच फाडणे म्हणजे अपकार करणे होय.

रानात वा अंगणात आढळलेल्या अंड्यांवर मात्र हा प्रयोग करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ या संज्ञेत अंड्यांचाही अंतर्भाव आहे. अशी अंडी जागेवरच राहू द्यावीत. धोका असल्यास वनखात्यास कळवावे. तेथे वाक्य कर्त्यावाचूनच पूर्ण होते.