व्हायोलिनची स्वरपत्रे अक्षरांतून : ‘लिलीपाँड’ची ओळख

चर्चच्या गायनमंडळाचे जुने कपाट उघडले की हाताने लिहिलेली व्हायोलिनची स्वरपत्रे हमखास हाती लागतात. कागद पिवळा पडलेला असतो, पावसाळ्याच्या ओलीने शाई पसरलेली असते आणि कडा वाळवीने कुरतडलेल्या असतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्टाफ नोटेशन व व्हायोलिन शिकवले जाई. उपवासकाळातील मोतेतांना आजही तेथे व्हायोलिनची साथ असते. हे संगीत पुढच्या पिढीच्या हाती सुवाच्य स्वरूपात द्यायचे असेल, तर ते नव्याने उतरवून काढावे लागेल. त्या कामी संगणक कशी मदत करू शकतो, याची माहिती वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

गजाच्या खुणांचे महत्त्व

व्हायोलिन, व्हायोला, चेलो व डबल बास ही गजाने वाजवायची वाद्ये. त्यांच्या स्वरपत्रात कोणता स्वर व किती काळ, एवढेच सांगून भागत नाही. गज कोणत्या दिशेने ओढायचा हेही सांगावे लागते. खाली उघडी असलेली चौकट म्हणजे ‘डाऊनबो’ आणि इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण म्हणजे ‘अपबो’. डाऊनबोचा स्वर स्वभावतःच भारदस्त उमटतो, म्हणून बारचा पहिला ठोका बहुधा त्यावर येतो. काही स्वरांवर काढलेली कमान म्हणजे ते सर्व स्वर एकाच गजात वाजवायचे.

या खुणा चुकल्या तर काय होते, ते आम्ही एका नाताळच्या तालमीत अनुभवले आहे. मूळ स्वरपत्रात दुरुस्ती झाली होती, परंतु दुसऱ्या व्हायोलिनच्या प्रतीत ती उतरवायची राहून गेली. एकाचा गज वर, दुसऱ्याचा खाली! स्वर बरोबर होते, तरी गीताचा श्वास तुटत होता. दोष वादकांचा नव्हता. तो आमच्या नक्कल करण्याच्या पद्धतीचा होता.

लिलीपाँड म्हणजे काय?

‘लिलीपाँड’ ही संगीतलेखनाची विनामूल्य संगणकप्रणाली आहे. हान-वेन निनहाउस व यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ साली तिचा आरंभ केला. पूर्वी धातूच्या पत्र्यावर हाताने कोरून छापल्या जाणाऱ्या स्वरपत्रांचे सौष्ठव संगणकाच्या छपाईतही यावे, ही त्यांची प्रेरणा होती.

इतर अनेक प्रणालींत माऊसने एकेक स्वर पाच रेघांवर ठेवावा लागतो. लिलीपाँडमध्ये मात्र आपण साधा मजकूर रोमन अक्षरांत टंकलिखित करतो आणि प्रणाली त्यावरून स्वरपत्राची पीडीएफ प्रत तयार करते. स्वराच्या अक्षरापुढे ४ हा आकडा लिहिला की क्रॉचेट, २ लिहिला की मिनिम. अक्षरापुढील अवतरणचिन्हाने स्वर एक सप्तक वर जातो. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा लिहायच्या तर ‘जी’ नुसते, ‘डी’ व ‘ए’ यांच्यापुढे एकेक चिन्ह आणि ‘ई’पुढे दोन. एफ शार्पला ‘फिस’ व बी फ्लॅटला ‘बेस’ ही डच नावे सुरुवातीला अनोळखी वाटतात, परंतु लवकरच अंगवळणी पडतात.

गजाच्या खुणाही अशाच शब्दांनी लिहितात. स्वरानंतर उलटी तिरकी रेघ देऊन ‘डाऊनबो’ किंवा ‘अपबो’ लिहिले की योग्य ती खूण स्वरावर उमटते. एका गजातील स्वरांसाठी पहिल्या स्वरानंतर कंस उघडायचा व शेवटच्या स्वरानंतर मिटायचा. छोट्या आडव्या रेघेपुढे आकडा दिला की कोणते बोट ठेवायचे ते छापले जाते. तार बोटाने छेडण्याची ‘पिझ.’ आणि पुन्हा गज घेण्याची ‘आर्को’ ही सूचना अवतरणचिन्हांत लिहून स्वराच्या वर देता येते.

एकदाच लिहा, सर्वत्र सुधारा

या पद्धतीचा खरा लाभ पुढेच आहे. प्रत्येक वाद्याचे संगीत एकेका नावाखाली एकदाच लिहून ठेवायचे. तेच नाव संचालकाच्या संपूर्ण स्वरपत्रात व वादकाच्या सुट्या प्रतीत घालायचे. मग गजाची एखादी खूण मूळ ठिकाणी बदलून दोन्ही प्रती पुन्हा काढल्या की त्या एकमेकींशी जुळतात. आमच्या तालमीतील घोटाळा अशाने टळला असता.

व्हायोलिनवादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात; पान उलटायला त्याला विश्रांतीची जागा हवी. थोडी तरतूद केल्यास लिलीपाँड अशी जागा शोधून तेथेच पान संपवते. देवनागरी मजकूरही तिला चालतो, त्यामुळे मराठी गीताचे शब्द अक्षरशः स्वरांखाली मांडता येतात.

साध्या मजकुराचा आणखी एक गुण म्हणजे त्याचे दीर्घायुष्य. १९८८ साली आलेल्या ‘फिनाले’ या नामांकित संगीतलेखन प्रणालीचा विकास थांबवत असल्याचे तिच्या निर्मात्यांनी ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर केले आणि जगभरातील संगीतकारांना आपल्या कामाची चिंता लागली. साधा मजकूर मात्र कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतो; त्याचे स्वर माणसालाही कळतात.

आरंभ कसा करावा?

नवशिक्यांसाठी ‘फ्रेस्कोबाल्दी’ हे विनामूल्य साधन सोयीचे आहे. त्यात एका बाजूला मजकूर व दुसऱ्या बाजूला तयार स्वरपत्र दिसते. १६०८ साली रोमच्या संत पीटर बॅसिलिकाचे ऑर्गनवादक झालेले संगीतकार जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी यांचे नाव त्याला दिले आहे.

अडचणी नाहीत असे नाही. एक कंस मिटायचा राहिला तरी प्रणाली कुरकुरते. मात्र चूक कोणत्या ओळीत आहे तेही ती दाखवते. म्हणून प्रथम आठ बारांचे एखादे सोपे गीत घ्यावे. प्रताधिकाराचे भानही ठेवावे : भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवरील हक्क कायम राहतो.

गायनमंडळातील एखाद्या ज्येष्ठ वादकाने जुनी पत्रे वाचून दाखवावीत आणि संगणक जाणणाऱ्या तरुणाने ती टंकलिखित करावीत. अस्पष्ट खुणांचा अर्थ सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. ती आहेत तोवरच हे काम हाती घेणे शहाणपणाचे ठरेल.