मूठ फिरली आणि शान उतरली!

की-चेनला लटकणारा माझा स्टीलचा फोल्डिंग चाकू ऑफिसात एकदम हिट होता. चकचकीत, सपाट, कूल! गेल्या डिसेंबरात काटोलला एका मित्राच्या बागेत त्याची सगळी शान उतरली. संत्रं कापायला घेतलं, ओल्या हातात मूठ गर्रकन फिरली आणि पातं थेट अंगठ्यात.

शेजारी कलमं बांधणारे काका हसू आवरत म्हणाले, "संत्रं कोणी कापते का जी? सोलून खा ना बापा!"

मग त्यांनी आपला चाकू दाखवला. तोही दुमडणाराच, पण मूठ लाकडी, मधे किंचित फुगीर, वापरून काळी पडलेली. जंबेरीच्या खुंटावर इंग्रजी 'टी'सारखा छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा बसवून पट्टी गुंडाळायची. हात जरा घसरला की डोळा वाया, नाहीतर बोट! आणि हे दिवसभर. ती मूठ मी संत्र्यानं बरबटलेल्या हातात धरून पाहिली, जागची हलली नाही.

असं का? गुळगुळीत स्टीलवर रस आणि सालीतलं तेल यांचा पातळ थर बसतो. त्याला जायला जागाच नसते, मग बोटं त्या थरावरून सरकतात. लाकूड थोडा ओलावा शोषतं, त्याच्या रेषाही बोटांना लागतात. मात्र भिजलं की ते फुगतं आणि पातं खाचेत अडकून बसतं. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून जवसाचं तेल चोळणं.

रबराची मूठ? कोरड्या हातात झकास. पण संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन रबराला मऊ करतं. (फुगलेल्या फुग्यावर साल पिळून बघा, फट्‌कन फुटेल!) म्हणजे संत्र्याच्या बागेत रबर बाद. स्विस चाकूंची ती फेमस लाल प्लॅस्टिकची मूठ दिसते छान, पण तीही गुळगुळीतच. त्यापेक्षा खवले उठवलेलं ॲल्युमिनियम पकडीला बरं. महागड्या चाकूंना जी-टेन असतं, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सीत दाबलेले. ओल्या हातातही घट्ट, फक्त फार खरखरीत असेल तर जीन्सचा खिसा झिजवतं. कॅनव्हासचं मायकार्टा माझ्या मते सगळ्यात सुखाचं. ते ओलं झालं की उलट जास्त पकडतं.

पण खरं सांगू? माझा घात नुसत्या स्टीलनं केला नव्हता. मूठ सपाट आणि बारीक होती, मुठीत भरतच नव्हती. तशी मूठ लाकडाची असती तरी फिरलीच असती. तेव्हा दुकानात पातं मिटलेलंच ठेवून, ओल्या हातानं मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं पिळून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

निघताना काकांनी चार संत्री दिली. नागपूरच्या गाडीत ती सोलायला शेजारच्या आजींनी मदत केली, माझ्या अंगठ्याला पट्टी होती ना!